‘क्युल्मले माले’च्या मागावर: हेलसिंकी, तालिन, राक्वेरे

एस्टोनियाला जाणारे बहुतेक जण तालिनचं जुनं शहर बघायला जातात, आणि ते बघण्यासारखं आहेच. मी मात्र एका रेकॉर्डच्या ओढीने गेलो. जे.एम.के.ई. हा तालिनचा पंक रॉक, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक वाजवणारा बँड 1986 मध्ये सुरू झाला. ‘क्युल्मले माले’ हा त्यांचा पहिला अल्बम 1989 चा. देश तेव्हा सोव्हिएत संघात होता आणि अल्बम निघाला समुद्रापलीकडे, हेलसिंकीत. नावाचा अर्थ ‘थंड प्रदेशाकडे’. एस्टोनियात कुणी ‘थंड प्रदेशाकडे’ गेला म्हटलं की ऐकणाऱ्याला सायबेरिया कळतो, जास्त विचारावं लागत नाही.

माझी मावसबहीण गेली बरीच वर्षं हेलसिंकीजवळ एस्पोला राहते. मार्चअखेरीला तिच्याकडे जाणं ठरलं तेव्हा मी म्हटलं, “ताई, यंदा मला पलीकडे घेऊन चल.” ती म्हणाली, “मार्चात? अरे, मे-जूनमध्ये ये की, झाडं तरी दिसतील.” पण मला 25 मार्च तिथेच गाठायचा होता. का ते पुढे येईलच.

गुरुवार, हेलसिंकी

ताईच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त फिनिश गृहस्थ राहतात. ताईने माझा विषय त्यांच्या कानावर घातला होता, त्यामुळे सकाळी दहालाच कॉफीचं बोलावणं आलं. टेबलावर कार्जालन पीराक्का होत्या, राय (rye) या धान्याच्या पातळ पारीत भाताची लापशी भरलेल्या. वर उकडलेलं अंडं आणि लोणी कालवून लावायचं. आणि शेजारी ‘क्युल्मले माले’ची एलपी. त्यांनी ती निघाली तेव्हाच विकत घेतलेली.

अल्बम काढला स्टुपिडो ट्विन्स या छोट्या फिनिश कंपनीने. त्याच वर्षी त्यांनी बँडचं ‘तेरे पेरेस्त्रोइका’ही काढलं होतं, म्हणजे ‘नमस्कार, पेरेस्त्रोइका’. (पेरेस्त्रोइका हे गोर्बाचेव्ह यांचं सुधारणांचं धोरण.) बँडमध्ये माणसं तीनच. विल्लू तम्मे गिटार वाजवत गायचा आणि गाणी लिहायचा, लेम्बित क्रुल बासवर, वेन्नो वानामॉल्डर ड्रमवर. तम्मेचा जन्म 1963 चा. याआधी तो ‘वेलिकिये लुकी’ नावाच्या बँडमध्ये होता.

माझं हे ऐकणं आतापर्यंत फोनवरच झालेलं. त्या दिवशी सुई रेकॉर्डवर टेकली आणि पहिल्या काही सेकंदांतच जाणवलं, की या संगीतात अंधार असला तरी सुतकी काही नाही. गाणी वेगात पळतात, तरी चाल गुणगुणता येते. तम्मे ओरडून गातो, पण शब्द गिळत नाही, प्रत्येक अक्षर समोरच्यापर्यंत पोचवायचंय असं गातो. शेजारी म्हणाले, “शब्द मला जवळजवळ सगळे कळले होते. आणि त्यांना आमचे आधीपासूनच कळत होते.” उत्तर एस्टोनियात फिनिश टीव्ही दिसायचा. सरकारी भिंत समुद्रावर होती, हवेत नव्हती. तालिनची एक अख्खी पिढी फिनिश टीव्ही बघत ती भाषा शिकली.

हा अल्बम घरी का निघू शकला नाही, हे समजल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. सोव्हिएत संघात रेकॉर्ड काढायची एकच सरकारी कंपनी होती, मेलोदिया. जाहीर कार्यक्रमात गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यावे लागत. पंकवाल्यांची गाणी घरगुती टेपवर उतरायची आणि या हातातून त्या हातात जायची. पेरेस्त्रोइकाने ही गाठ सैल केली, आणि पोरांनी ऐंशी किलोमीटरचा समुद्र ओलांडून आपला आवाज प्लास्टिकवर कोरून घेतला.

दुपारी आम्ही रुओहोलाहतीला गेलो. इथे लेपाक्को होतं. आधी गोदाम, मग बेघर पुरुषांचं रात्रनिवारा केंद्र, आणि 1979 मध्ये तरुणांनी ताबा घेतल्यावर हेलसिंकीच्या रॉक-पंकचं घर. रेडिओ सिटी हे खाजगी रेडिओ केंद्र 1985 मध्ये इथूनच सुरू झालं. 1999 मध्ये इमारत पाडली. आता काचेची ऑफिसं आहेत. बघायला तिथे काही नाही, पण मेट्रोने सहज जाता येतं आणि तालिनच्या बोटीचा पश्चिम धक्काही जवळच आहे, तेव्हा संगीतवेड्या माणसाने अर्धा तास जरूर द्यावा.

शुक्रवार, समुद्र आणि तालिन

बोट दोन तासांची. वारा इतका, की डेकवर उभं राहून फोटो काढायला हातमोजे काढले तर बोटं बधिर. किनाऱ्यालगत बर्फाचे पातळ तुकडे तरंगत होते. 1980 पासून या मार्गावर ‘गेओर्ग ओत्स’ नावाची सोव्हिएत बोट चालायची, एका एस्टोनियन गायकाच्या नावाची. आता दिवसाला कितीतरी फेऱ्या आहेत.

टीप: बोटीवर खाण्यापेक्षा पोटात जागा ठेवा. तालिनच्या बंदरातून जुनं शहर पायी पंधरा-वीस मिनिटं, आणि रेल्वे स्टेशनाजवळच्या बाल्टी याम बाजारात गरम जेवण स्वस्त मिळतं. आम्ही वाटाण्याचं घट्ट सूप आणि रायची काळी पाव-भाकरी घेतली. बाहेर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ, तेव्हा दुसरा वाडगा मागवावाच लागला. कुठल्याही किराणा दुकानात थंड कपाटात ‘कोहुके’ मिळतं: गोड चक्क्याची वडी, वर चॉकलेटचा पापुद्रा. श्रीखंडाच्या घरात वाढलेल्या माणसाला ते पहिल्या घासात ओळखीचं वाटतं. ताईने परतताना डझनभर घेतले.

संध्याकाळी ट्रामने काद्रिओर्गला गेलो. राजवाड्याकडे जाणारी गर्दी सोडून आम्ही स्टेडियमकडे वळलो. एस्टोनियातल्या पंकची गोष्ट सांगायची तर इथून सुरुवात करावी लागते. 22 सप्टेंबर 1980 ला इथे टीव्ही आणि रेडिओच्या कर्मचाऱ्यांचा फुटबॉल सामना होता आणि त्याला जोडून ‘प्रॉपेलर’ या पंक बँडचा कार्यक्रम. गायक पेटर वोल्कोन्स्की. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी बंद पाडला, पोरं चिडली, रस्त्यावर आली, आणि बँडवर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये शाळकरी मुलांचे मोर्चे निघाले, पोलिसांनी ते दडपले. त्यावर चाळीस लेखक-कलावंत-शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिलं. ते तेव्हा कुणी छापलं नाही, पण हाताने उतरवून देशभर फिरलं. ‘चाळिसांचं पत्र’ म्हणून ते आजही ओळखलं जातं.

साध्या लोखंडी फाटकाआड धावपट्टीवर दोन मुली सराव करत होत्या. त्यांच्या प्रशिक्षकाला ताईने फिनिशमध्ये विचारलं, आम्ही आत जाऊ का. पन्नाशीच्या पुढचे होते. कशासाठी आलोय ते कळल्यावर त्यांनी मुलींना एक फेरी जास्त मारायला सांगितली आणि आम्हाला स्टँडपर्यंत नेलं. ते म्हणाले, “माझा मोठा भाऊ त्या दिवशी इथे होता. घरी आला तेव्हा आईने त्याचे केस स्वतः कापले, शाळेत कुणी ओळखू नये म्हणून.” मोठमोठ्या इतिहासग्रंथांपेक्षा मला हे वाक्य जास्त काही सांगून गेलं. जे.एम.के.ई.ची पोरं याच शहरात, हे सगळं ऐकत वाढलेली.

शनिवार, 25 मार्च, तालिन

1949 मध्ये याच तारखेपासून काही दिवसांत एस्टोनियातून वीस हजारांवर माणसं मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरियात नेली. बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्याआधी 14 जून 1941 ला सुमारे दहा हजार. अल्बमच्या नावामागे हे आहे. ते नाव देणाऱ्या पिढीचे आजी-आजोबा त्या डब्यांत होते.

सकाळी पागारी रस्त्यावर गेलो. क्रमांक एकच्या घराच्या तळघरात केजीबीच्या कोठड्या होत्या, आता तिथे छोटं संग्रहालय आहे. रस्त्याच्या पातळीवरच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या आहेत, आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून. तीन-चार खोल्याच आहेत, पाऊण तास पुरतो, पण जेवण झाल्या झाल्या जाऊ नका. जवळच ओलेविस्ते चर्चचा उंच मनोरा आहे. त्याच्या टोकावरून केजीबी रेडिओ लहरींवर लक्ष ठेवायची.

टीप: याच्याबरोबर ‘वाबामू’ हे स्वातंत्र्य संग्रहालय बघायचं असेल तर एकत्र तिकीट घ्या. विरू हॉटेलच्या 23 व्या मजल्यावरचं केजीबी संग्रहालय फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतं आणि इंग्रजी फेऱ्या लवकर भरतात, आधी नोंदणी करा.

दुपारी बसने मार्यामॅगीला गेलो. समुद्राकाठच्या उतारावर 2018 मध्ये उभारलेलं साम्यवादी राजवटीच्या बळींचं स्मारक आहे. दोन काळ्या उंच भिंतींमधून वाट चढत जाते. भिंतींवर बावीस हजारांवर नावं, ज्यांची परत येण्याची वाट बघितली गेली आणि जे आले नाहीत अशांची. वारा त्या वाटेत शिरला की शिट्टी वाजते. वर पोचलं की एकदम सफरचंदाची बाग लागते, घरामागच्या परसासारखी, आणि भिंतीवर धातूच्या मधमाश्या, पोळ्याकडे परतणाऱ्या. मार्चात झाडं उघडी होती. ताई माझ्याशी बोलायची थांबली होती. खालून वर येणाऱ्या एका म्हातारबुवांनी भिंतीवरचं एक नाव बोटाने शोधलं, त्यावर तळहात ठेवला, आणि आम्हाला मान लववून पुढे गेले.

तिथून जवळ लाउलुव्हॅल्याक, म्हणजे गाण्यांचं मैदान. 1960 मध्ये बांधलेली मोठी कमान, हजारो गायकांना पुरेल एवढी. एस्टोनियाच्या ‘गाणाऱ्या क्रांती’ची, म्हणजे गाण्यांतून लढलेल्या स्वातंत्र्य चळवळीची, छायाचित्रं जगभर गेली ती इथली: सप्टेंबर 1988, लाखोंचा जमाव, झेंडे, समूहगान. या गोष्टीत एक पान गळतं, आणि मला ते मुद्दाम सांगायचंय. त्याच्या दोन आठवडे आधी, ऑगस्ट 1988 च्या शेवटी, याच मैदानावर ‘रॉक समर’ नावाचा महोत्सव झाला आणि त्यात पब्लिक इमेज लिमिटेड हा ब्रिटिश बँड वाजवून गेला. म्हणजे ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा गायक, ज्याला जग जॉनी रॉटन म्हणून ओळखत होतं, तो जॉन लायडन सोव्हिएत भूमीवर, त्याच कमानीखाली. समूहगान आणि पंक यांना आपण दोन टोकांना ठेवतो. तालिनमध्ये दोन्ही एकाच गवतावर, एकाच उन्हाळ्यात घडलं. क्रांतीचं श्रेय वाटताना पंकवाल्यांना तळटीपेत टाकणं मला पटत नाही. समूहगान मंचावर पोचण्याच्या आठ वर्षं आधी काद्रिओर्गच्या पोरांनी मार खाल्ला होता.

मैदानाच्या कडेला उभं राहून मी तो अल्बम पुन्हा लावला. एक इअरफोन ताईला दिला. तिला पंक आवडत नाही, ती भीमसेनजींची भक्त. दोन गाणी ऐकून म्हणाली, “कळत काही नाही रे, पण हा माणूस खोटं बोलत नाहीये.”

हिर्वेपार्क मैदानापासून लांब आहे, जुन्या शहराच्या पायथ्याशी. 23 ऑगस्ट 1987 ला तिथे लोक उघडपणे जमले आणि 1939 च्या मोलोतोव्ह-रिबेनट्रॉप करारातली, म्हणजे सोव्हिएत संघ आणि नाझी जर्मनीतल्या करारातली, गुप्त कलमं जाहीर करा म्हणाले. बरोबर दोन वर्षांनी, 23 ऑगस्ट 1989 ला, तालिनपासून विल्नियसपर्यंत तीन देशांतले सुमारे वीस लाख लोक हात धरून उभे राहिले. ‘क्युल्मले माले’ त्याच वर्षाचा आहे. हे ध्यानात घेऊन ऐकलं तर त्या गाण्यांतली घाई समजते. ही माणसं उद्या दार पुन्हा बंद होईल या धास्तीने गात होती. ते बंद झालं नाही. 20 ऑगस्ट 1991 ला देश पुन्हा स्वतंत्र झाला.

संध्याकाळी वाबादुसे चौकात, म्हणजे स्वातंत्र्य चौकात. सोव्हिएत काळात हाच विजय चौक होता. इथल्या कोपऱ्यावरच्या कॅफेला तेव्हा ‘मॉस्क्वा’ म्हणत, आता ते ‘वाबादुस’ आहे. फरशीवर मेणबत्त्या मांडायला सुरुवात झाली होती. कुणी भाषण करत नव्हतं. पेटीतून मेणबत्ती घ्यायची, पेटवायची, ओळीत ठेवायची, वाऱ्याने विझली तर शेजारचा पेटवून देतो. अंधार पडायला सात वाजले, तोवर अर्धा चौक पिवळा झाला होता.

माझ्या शेजारी गुडघ्यावर बसलेल्या बाईंच्या जाकिटावर एका पंक बँडचा बिल्ला होता. मी फोनवर अल्बमचं मुखपृष्ठ दाखवलं. त्या एकदम हसल्या आणि इंग्रजीत बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही राक्वेरेला जाणार हे ऐकल्यावर म्हणाल्या, “मी तिथलीच. उद्या दुपारी चहाला या, तुम्हाला काहीतरी दाखवते.”

रविवार, राक्वेरे

महत्त्वाची टीप: मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं तासभर पुढे जातात. सकाळची गाडी असेल तर आदल्या रात्रीच हिशेब करून ठेवा. तालिनहून राक्वेरेला एल्रॉनची केशरी गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते. डबे स्वच्छ, उबदार. खिडकीबाहेर बर्च आणि पाण्याने भरलेली शेतं, मध्येच बर्फाचे राखाडी पट्टे.

राक्वेरे छोटं गाव. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आणि शेजारी ‘तार्वास’, रानबैलाचा प्रचंड पुतळा, गावाला 700 वर्षं झाली तेव्हा 2002 मध्ये बसवलेला. शिंगांवरून टपटप पाणी गळत होतं. ताईने त्याच्या पोटाखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

खाली चौकात वेगळाच पुतळा आहे: सायकल धरून उभा असलेला एक मुलगा, मान किंचित वर, ऐकत असलेला. हा अर्वो पॅर्त. संगीतकार पॅर्तचं बालपण या गावात गेलं. चौकातल्या कर्ण्यावर वाद्यवृंदाचं संगीत लागायचं आणि तो ऐकायला मुलगा सायकलवर चौकाला फेऱ्या मारायचा. 1968 मध्ये त्याच्या ‘क्रेडो’वर, त्यातल्या ख्रिस्तनिष्ठेमुळे, अघोषित बंदी आली. जानेवारी 1980 मध्ये त्याला देश सोडावा लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रॉपेलरचं तोंड बंद केलं. एक प्रार्थनेसारखं संथ लिहिणारा, दुसरे स्टेडियम दणाणवणारे, आणि सत्तेला दोघांची सारखीच भीती. हा योग जुळला तेव्हा मी त्या थंड बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

याच भागात, 1987 च्या वसंतात, मॉस्कोने फॉस्फोराइटच्या, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या, मोठ्या खाणी काढायचं ठरवलं होतं. विरुमाचं, म्हणजे राक्वेरेभोवतालच्या प्रदेशाचं, भूजल नासलं असतं आणि खाणकामासाठी बाहेरून लोंढे आले असते. लोक भडकले आणि योजना थांबली. सरकारला मागे हटवता येतं, हे देशाला तिथे पहिल्यांदा कळलं.

तीन वाजता त्या बाईंच्या घरी. लाकडी घर, दारात बुटांची रांग, आत ओव्हनची ऊब. टेबलावर काळी भाकरी, वर लोणी, मसाल्यात मुरवलेला छोटा किलू मासा आणि अंड्याची चकती. ताई मासे खात नाही, तिच्यासाठी त्यांनी न सांगता मध आणि चक्का ठेवला. मग कपाटातून एक फाईल काढली. आत स्वरलिपीची पानं, समूहगानासाठी चार आवाजांत बसवलेली, आणि वर नावं पंक गाण्यांची.

2008 मध्ये राक्वेरेत पंक गाण्यांचा समूहगान महोत्सव झाला. 1869 पासून चालत आलेल्या गायनोत्सवाचा सगळा थाट, गायकवृंद, संचालक, टेकडी, आणि म्हणायची ती पंक गाणी. बाई गावातल्या गायकवृंदात, खालच्या स्त्री-आवाजात गातात. त्यांनी सांगितलं, “माझ्याशेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. लहानपणी त्यांना सायबेरियात नेलेलं. सरावाला म्हणाल्या, हे शब्द मला तेव्हा कुणी दिले असते तर बरं झालं असतं.”

मग त्यांनी एक पान समोर धरलं आणि आपला खालचा आवाज गायला सुरुवात केली. संथ, चर्चमध्ये गातात तसा. दुसऱ्या ओळीला मी चाल ओळखली. ताईने टेबलावर बोटांनी ताल धरला, बाईंनी वेग वाढवला, आणि आतल्या खोलीतून त्यांच्या मुलाने मुख्य चाल उचलली. त्याने दार उघडलं तेव्हा तो हेडफोन गळ्यात घालून, जोरात, हसत गात होता. तिघांनी कडवं दोनदा म्हटलं.

परतीची शेवटची गाडी लवकर असते, रविवारी वेळापत्रक नक्की बघा. आम्हाला स्टेशनवर सोडायला त्या गाडी घेऊन आल्या आणि निघताना ती स्वरलिपी फोनवर फोटो काढून ताईला पाठवली. एस्पोच्या मराठी मंडळात एक छोटा गायकवृंद आहे. ताई म्हणते चार आवाज जमतील, खालच्या आवाजाला माणसं कमी पडतात, ती बघावी लागतील.